येत्या शनिवारची कैफियत

हरण्याचे दुःख भोगण्यासाठी माणसाला निदान सामना संपेपर्यंत थांबावे लागते. जिंकण्याचे सुख मात्र त्याला सोमवार सकाळपासूनच, आणि तेही तिकिटाला एक छदाम खर्च न करता, उपभोगता येते, हे ज्याच्या ध्यानात आले त्याला मेलबर्नच्या सेंट किल्डा फुटबॉल क्लबचा अनुयायी होण्यासाठी दुसरी कोणतीही पात्रता लागत नाही. आज गुरुवार आहे. शनिवारी दुपारी आमच्या संघाची गाठ जीलाँगशी पडावयाची आहे. मध्ये पुरता एक शुक्रवार शिल्लक आहे. आणि या घटकेला, गुणतक्ता काहीही म्हणत असला तरी, आमचा संघ अजिंक्य आहे. ही अवस्था शनिवारी पहिल्या क्वार्टरच्या सुमारास पालटण्याचा संभव असल्यामुळे तिचे वर्णन आजच करून ठेवणे श्रेयस्कर वाटते.

या शहरात नवखा मनुष्य भेटला म्हणजे लोक त्याला प्रथम नाव विचारतात, आणि ते आपल्या जिभेला झेपणारे नाही अशी खात्री पटताच त्याचा संघ विचारतात. या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसणे अत्यंत संशयास्पद समजले जाते. मुराबिन या उपनगरात मी घर घेतले ते केवळ फ्रँकस्टनच्या गाडीचे स्टेशन पायी गाठता येते आणि भाडे परवडते म्हणून; परंतु सामान उतरवून होते न होते तोच शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी कुंपणावरून मान पुढे काढली, आणि येथून जवळच लिंटन स्ट्रीटवर सेंट किल्डाचे मैदान आहे, १९६५ पासून १९९२ पर्यंत क्लब आपले घरचे सामने तेथेच खेळत असे, सबब तुम्ही आता सेंट किल्डाचे झालात, असा निकाल मला ऐकवला. माझे म्हणणे काय आहे याची चौकशी त्यांनी केली नाही. गोत्र ज्याप्रमाणे कोणी अर्ज करून मिळवीत नाही आणि राजीनामा देऊन सोडीतही नाही, त्याप्रमाणे येथील संघ माणसाला चिकटतो, आणि तो पुढे कितीही हरला तरी त्याला सोडून दुसरा धरणे हे घटस्फोटापेक्षाही निंद्य मानले जाते. घटस्फोटाला निदान कायद्याची मान्यता आहे.

या ‘ऑस्ट्रेलियन फुटबॉल’ खेळाचे मूळ क्रिकेटमध्ये आहे, हे सांगितल्यावर मराठी वाचकाचा जीव किंचित भांड्यात पडेल. टॉम विल्स नावाचा एक नामांकित क्रिकेटपटू होता. इंग्लंडातील रग्बी येथील सुप्रसिद्ध शाळेत शिकून परत आलेल्या या गृहस्थाने १८५८ च्या जुलै महिन्यात ‘बेल्स लाइफ इन व्हिक्टोरिया’ या नियतकालिकात एक पत्र छापवून आणले, आणि हिवाळ्यात क्रिकेटपटूंची अंगे सुस्तावून जाऊ नयेत म्हणून त्यांनी एखादा फुटबॉल क्लब काढावा, ते जमत नसेल तर बंदुकीच्या नेमबाजीचे मंडळ तरी स्थापावे, अशी सूचना केली. लोकांनी पहिला पर्याय स्वीकारला. मात्र प्रत्यक्ष खेळ पाहताना दुसरा पर्याय त्यांच्या मनातून पुरता गेला नसावा, अशी शंका मला अनेकदा येते. पुढील वर्षीच्या मे महिन्यात विल्स व त्याच्या सोबत्यांनी एकत्र बसून नियम लिहून काढले. लंडनच्या फुटबॉल असोसिएशनचा जन्म १८६३ चा, म्हणजे हा खेळ तिच्याहून वयाने वडील आहे. नियम अवघे दहा होते, हे वाचून आजच्या प्रेक्षकाला गहिवरून येते.

क्रिकेटच्या मैदानावर खेळावयाचे म्हणून मैदान लंबगोल, आणि चेंडूही लंबगोल. प्रत्येक पक्षाचे अठरा गडी. ‘ऑफसाइड’ नावाचा प्रकारच नसल्यामुळे कोणी कोठेही उभे राहावे. चेंडू पायाने उडवावा किंवा मुठीने ठोसून साथीदाराकडे द्यावा, परंतु फेकू नये. तो घेऊन पळावे, परंतु दर पंधरा मीटरांच्या आत एकदा जमिनीवर आपटून पुन्हा हाती घ्यावा. आणि लंबगोल वस्तू जमिनीवर आपटली असता ती परत हातातच येईल अशी हमी भूमितिशास्त्रही देत नाही. प्रतिपक्षाच्या माणसाच्या खांद्यावर गुडघा रोवून, त्याच्याही वर हवेत चढून, दुरून आलेला चेंडू झेलणे हे या खेळातील सौंदर्याचे शिखर होय. अन्यत्र कोठेही हे कृत्य फौजदारी स्वरूपाचे ठरले असते.

परंतु या खेळाचे सारे तत्त्वज्ञान मैदानाच्या दोन टोकांस रोवलेल्या खांबांत आहे. प्रत्येक टोकाला चार खांब: मधले दोन उंच, कडेचे दोन ठेंगणे. मधल्या दोहोंतून चेंडू पायाने पार केला की गोल, आणि त्याचे सहा गुण. नेम चुकून चेंडू उंच आणि ठेंगण्या खांबांच्या मधून गेला की एक गुण. अन्य खेळांत चुकलेल्या नेमाला प्रेक्षकांच्या उसाशाखेरीज काही मिळत नाही. येथे मात्र चुकीची रीतसर दप्तरी नोंद होते: गोलपंच एक बोट पुढे करतो, एक पांढरे निशाण फडकवतो, समोरच्या टोकाचा गोलपंच आपल्या निशाणाने त्याची पोच देतो, आणि गुणफलकावर तो एक गुण कायमचा मांडला जातो. पूर्वी हे गोलपंच पांढरा लांब डगला आणि हॅट अशा पोशाखात उभे राहत, त्यामुळे हुकलेल्या नेमालाही सरकारी इतमाम प्राप्त होई. १८९७ पूर्वी सामन्याचा निकाल केवळ गोलांवर लागत असे. त्या वर्षी नवी लीग निघाली आणि तेव्हापासून चुकांनाही मोल आले. त्याच वर्षी, त्याच लीगच्या आठ संस्थापक क्लबांपैकी एक म्हणून सेंट किल्डा रुजू झाला. याला योगायोग म्हणणारे लोक आहेत. मी त्यांतला नव्हे.

कारण आमच्या क्लबचा इतिहास त्या एका गुणाभोवतीच फिरत आला आहे. १८९७, १८९८ आणि १८९९ हे तीन हंगाम संघाने एकही सामना न जिंकता पार पाडले. पैकी १८९९ साली याच जीलाँगविरुद्धच्या एका सामन्यात त्यांचे गुण १६२ झाले आणि आमचा १. हा नीचांक आजतागायत कोणाला मोडता आलेला नाही. आणि एकही गोल झाला नसता फलकावर शून्य न राहता तेथे एक उमटला, तो वर वर्णिलेल्या औदार्यामुळेच. १९०० साली पहिला विजय लाभला तोही दप्तरात. मेलबर्न संघाशी झालेला सामना बरोबरीत सुटला होता. परंतु तिसऱ्या क्वार्टरची घंटा झाल्यानंतर प्रतिपक्षाच्या खात्यावर एक गुण गैरवाजवी रीतीने जमा झाला, अशी फिर्याद आमच्या कारभाऱ्यांनी गुदरली, ती मंजूर झाली, आणि सेंट किल्डा एका गुणाने विजयी असल्याचे जाहीर करण्यात आले. पुढे २००६ साली टास्मानियातील लॉन्सेस्टन येथे फ्रीमँटलशी खेळत असता समाप्तीचा भोंगा पंचांच्या कानी पडला नाही, खेळ चालूच राहिला, त्या आगाऊ मिळालेल्या क्षणांत आम्ही एक गुण करून बरोबरी साधली, आणि काही दिवसांतच लीगच्या आयोगाने तो गुण खारीज करून विजय फ्रीमँटलच्या पदरात घातला. १९०० साली घंटेनंतरचा एक गुण रद्द करवून घेतला होता, तो २००६ साली भोंग्यानंतरचा एक गुण देऊन फिटला. व्याज लावले गेले नाही याबद्दल आम्ही आयोगाचे ऋणी आहोत.

या दोन तारखांच्या मध्ये १९६६ साल येते, आणि तेथे आमचे डोळे भरून येतात. २४ सप्टेंबर १९६६ रोजी मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, एक लाखाहून अधिक लोकांच्या समक्ष, कॉलिंगवूडविरुद्ध अंतिम सामना झाला. अखेरच्या मिनिटापर्यंत गुण समसमान होते. अशा वेळी बॅरी ब्रीन या आमच्या गड्याने घाईघाईत चेंडूला पाय लावला. तो वेडावाकडा लडबडत गेला, गोल काही झाला नाही, परंतु कडेच्या खांबांमधून एक गुण मिळाला, आणि सेंट किल्डा ७४ विरुद्ध ७३ असा जिंकला. जिज्ञासूंनी आकडे बारकाईने पाहावेत. दोन्ही पक्षांचे गोल दहा-दहाच होते. ते तेरा वेळा चुकले होते आणि आम्ही चौदा वेळा. एका अधिक चुकीच्या बळावर अजिंक्यपद मिळाल्याचे याहून निर्मळ उदाहरण कोणत्या खेळात असेल असे मला वाटत नाही. १८७३ साली स्थापन झालेल्या क्लबला लीगचे मिळालेले हे पहिले अजिंक्यपद, आणि आजपावेतो अखेरचे.

त्यानंतर आम्ही उगाच सुधारलो. २०१० च्या अंतिम सामन्यात पुन्हा कॉलिंगवूडच समोर होता. गुण झाले ६८ विरुद्ध ६८. आमचे गोल दहा आणि त्यांचे नऊच. परंतु ते चौदा वेळा चुकले आणि आम्ही केवळ आठ वेळा. चुकण्यात कसूर केल्याची शिक्षा अशी तत्काळ मिळते. शेवटच्या घटकांत चेंडू रिकाम्या गोलासमोर आपटला, आमचा स्टीव्हन मिल्न तो उचलण्यासाठी धावत होता, आणि त्या लंबगोल वस्तूने ऐन वेळी अंग मुरडून कडेच्या खांबांकडे प्रयाण केले: एक गुण, आणि बरोबरी. पुढच्या शनिवारी सामना नव्याने खेळवला गेला, त्यात आम्ही ५६ गुणांनी हरलो, आणि त्याविषयी अधिक लिहिण्याजोगे काही नाही. पूर्वी दुःखात सोबत तरी होती. परंतु फुट्सक्रेच्या बुलडॉग्स संघाने ६२ वर्षांची प्रतीक्षा २०१६ साली संपवली, मेलबर्नने ५७ वर्षांची २०२१ साली, आणि तेव्हापासून सर्वांत प्रदीर्घ प्रतीक्षेचा मुकुट निर्विवादपणे आमच्या शिरावर आहे.

हा सारा पूर्वेतिहास ध्यानात घेतला म्हणजेच आजच्या सायंकाळचे महत्त्व कळेल. गुरुवारी सायंकाळी संघाची यादी जाहीर होते: कोणाला बहाली, कोण बरतर्फ, कोण जायबंदी. तिच्या आधी जखमींचा तक्ता निघतो, आणि तो वाचण्याची विद्या अवगत व्हावयास काही हिवाळे जावे लागतात. नावापुढे ‘चाचणी’ असे लिहिले असेल तर गडी लंगडत आहे. ‘एक आठवडा’ असेल तर तीन समजावेत. ‘अनिश्चित’ असेल तर त्याच्या घरच्यांनाही ठाऊक नाही. आणि मे महिन्यातच नुसते ‘हंगाम’ असे लिहिले असेल तर त्याची भेट पुढील वर्षी. वैद्यकशास्त्राची पायरीही न चढलेले लोक ट्राममध्ये उभे राहून एकमेकांस गुडघ्यातील अस्थिबंधांची रचना समजावून सांगतात, आणि मांडीच्या पाठीमागच्या स्नायूविषयी तर या शहरात इतकी आस्था आहे की परक्या माणसाला तो एखादा लोकनियुक्त प्रतिनिधी वाटावा.

मग प्रशिक्षक वार्ताहरांसमोर येतात आणि सांगतात, की प्रतिपक्ष बलाढ्य आहे, मुलांनी आठवडाभर मनापासून सराव केला आहे, आणि आम्ही एका वेळी एकाच सामन्याचा विचार करतो. एका वेळी दोन सामन्यांचा विचार करणारा प्रशिक्षक मी अद्याप पाहिलेला नाही. तरीही ही घोषणा दर गुरुवारी मी नव्या श्रद्धेने ऐकतो. याच सुमारास शहरातील कोणत्या ना कोणत्या सभागृहात क्लबचे स्वयंसेवक जमिनीवर बसून रंगीत कागदांच्या पट्ट्या चिकटवीत एक प्रचंड फलक तयार करीत असतात. त्यावर यमक साधून प्रतिपक्षाची थट्टा लिहिलेली असते. शनिवारी हा फलक मैदानावर उभा धरला जातो, आणि आमचा संघ त्यातून धावत जाऊन काही क्षणांत त्याच्या चिंध्या करतो. मग ते लोक चिंध्या गोळा करतात आणि पुढील फलकाच्या तयारीला लागतात. शनिवारपूर्वीच्या सुखावर जगणारा मी एकटाच नाही, हे या मंडळींकडे पाहून मला कळते.

शुक्रवारी कचेरीत ‘टिपिंग’ची यादी भरावयाची असते. अठरा संघ, नऊ सामने; प्रत्येकात कोण जिंकेल ते लिहावे, आणि वर्षअखेर ज्याचे अंदाज सर्वाधिक खरे ठरतील त्याने जमलेला निधी घ्यावा. आठ सामन्यांबाबत मी अत्यंत कठोर बुद्धिवादी आहे. पर्थहून अडीच हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून येणारा संघ थकलेला असतो, सिडनीकरांची मधली फळी कशी आहे, ब्रिस्बेनचा घाम मेलबर्नच्या थंडीत कसा गोठतो, यांचा साधकबाधक विचार करून मी आठ नावे लिहितो. नवव्या ठिकाणी सेंट किल्डा लिहितो. शेजारच्या मेजावरील सहकारी जन्माने कॉलिंगवूडचा. तो स्वतःच्या संघाविरुद्धही अंदाज लिहितो, आणि वर सांगतो की संघ हरला तर गुण मिळतो व जिंकला तर आनंद, म्हणजे कोणत्याही परिस्थितीत आपले नुकसान नाही. असल्या विमा उतरवलेल्या भक्तीविषयी मला काय वाटते ते मी त्याला एकदा स्पष्ट सांगितले. त्याने शांतपणे टिपिंगच्या तक्त्यातील आपला क्रमांक दाखवला. तक्त्यात भक्तीचा रकाना नसतो, त्याला मी काय करणार?

शुक्रवारच्या रात्रीचा सामना हा परक्यांचा असल्यामुळे त्यात निखळ रसास्वाद घेता येतो. कोणीही जिंकले तरी झोप लागते. दोहोंपैकी एक कॉलिंगवूड असेल तर दुसरा आपला, एवढा एक नियम पाळला की मन प्रसन्न राहते.

शनिवारचा सामना डॉकलंड्सच्या मैदानावर आहे, आणि त्याला मिटता येणारे छप्पर असल्यामुळे मेलबर्नच्या हवेचा, जिच्यात सकाळी ऊन, दुपारी गारा आणि संध्याकाळी पुन्हा ऊन ही दिनचर्या रूढ आहे, आमच्या निकालाशी संबंध उरत नाही. तरीही मी हवामानाचा अंदाज दिवसातून पुनःपुन्हा पाहतो. ती एक उपासना आहे. खरे सांगावयाचे तर छपराची मला थोडी धास्तीच वाटते. वारा नाही, पाऊस नाही, म्हणजे नेम चुकण्याला काही सबळ कारणच राहिले नाही; आणि आमचा नेम पुरेसा चुकला नाही तर काय होते ते २०१० साली दिसलेच आहे.

मैदानावर प्रतिस्पर्धी संघांचे लोक सरमिसळ बसतात. त्यांच्यामध्ये ना दोरखंड, ना पोलीस. आजी निळ्यापांढऱ्या मफलरीत, नातू लाल-पांढऱ्या-काळ्यात, आणि दोघे मिळून एकाच पंचाला शिव्या देत आहेत, हे दृश्य येथे नित्याचे. (आमचे रंग पहिल्या महायुद्धात बदलण्यात आले होते, कारण लाल, पांढरा व काळा हे जर्मन साम्राज्याच्या निशाणाचे रंग निघाले, तेव्हा पांढऱ्याच्या जागी पिवळा घालून बेल्जमचे रंग साधण्यात आले. युरोपातील राजकारणात एवढी तत्परता दाखवणाऱ्या क्लबला जवळच्या जीलाँगचा बंदोबस्त का करता येऊ नये, हे कोडे आहे.) मांसाचे सारण भरलेली गरम ‘पाय’ आणि तिच्यावर टोमॅटोचा सॉस हा येथील शास्त्रोक्त नैवेद्य; मी मात्र डब्यात पोळी-भाजी नेतो, आणि शेजारच्या प्रेक्षकाने लोणच्याकडे कुतूहलाने पाहिले तर त्यालाही देतो. लोणचे खाऊन त्याला जो ठसका लागतो तो पंचाच्या निर्णयामुळे लागला, असे भोवतालच्या लोकांना वाटते.

पंचाच्या निर्णयांपैकी निम्म्याहून अधिक क्षोभाला कारण होणारा नियम असा. ज्या इसमाच्या ताब्यात चेंडू असेल त्यास प्रतिपक्षाने धरले असता, चेंडूची वासलात लावण्याची संधी त्याला पूर्वी मिळालेली असेल तर त्याने तो तत्काळ पायाने वा मुठीने रवाना करावा, न केल्यास दोषी. पूर्वी संधी मिळालेली नसेल तर त्याने रवाना करण्याचा प्रामाणिक प्रयत्न करावा, तो सफल न झाला तरी निर्दोष. आणि चेंडू अंगाखाली दाबला गेला असेल तर तो त्यानेच ओढून घेतला की दैवयोगाने अडकला, याची शहानिशा करावी. ही सर्व चौकशी पंचाने धावता धावता, साक्षीपुरावा न घेता, सुमारे एका सेकंदात आटोपावयाची असते. चेंडू सीमेबाहेर गेला तर तो तसा जाऊ नये असा गड्याचा हेतू पुरेसा होता की अपुरा होता, हेही त्यानेच ठरवावयाचे; मनुष्याचा हेतू ठरवण्यासाठी उच्च न्यायालये वर्षानुवर्षे तारखा देतात. सुदैवाने पंचाच्या मदतीला पन्नास हजार लोक हजर असतात. प्रतिपक्षाचा गडी धरला गेला की ते एकमुखाने ‘बॉऽऽल’ असा पुकारा करतात, आपला धरला गेला की त्याला संधीच कोठे मिळाली होती असे विचारतात. आणि पुढच्याच क्षणी भूमिका बदलाव्या लागल्या तर कोणालाही अवघडल्यासारखे होत नाही. कायद्याचे एवढे लवचीक ज्ञान असलेला जनसमुदाय मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आता एक अडचण सांगावयाची राहिली, आणि ती घरची आहे.

“अहो, शनिवारी चार वाजता मंडळाचं नाटक आहे,” आमच्या सौभाग्यवतींनी काल जेवताना जाहीर केले. “तिकिटं काढलीत मी.”

“शनिवारी? शनिवारी तर जीलाँग आहे!”

“जीलाँग दर वर्षी असतं.”

“नाटकसुद्धा दर वर्षी असतं.”

“नाटकाचा शेवट मला माहीत नाहीये अजून,” त्या म्हणाल्या. या वाक्यातील गर्भित टीका मी गिळली. कन्येकडे मी आशेने पाहिले, परंतु तिच्याकडून न्याय मिळण्याची शक्यता मुळातच कमी, कारण शाळेत जाऊ लागली त्याच वर्षी ती जीलाँगची झाली. २००७, २००९, २०११ आणि २०२२ अशी चार अजिंक्यपदे अलीकडच्या काळात मिळवणारा संघ तिने निवडला यात तिच्या बुद्धीचा दोष नाही. पैकी २००९ चे त्यांनी आमच्याच हातून, बारा गुणांनी काढून घेतले होते, एवढे मात्र मी तिला अधूनमधून सांगतो. “बाबा,” ती म्हणाली, “तुमची टीम शेवटची जिंकली तेव्हा आजोबा कॉलेजात होते ना?” आजोबा पुण्याहून दूरध्वनीवर या गोष्टीला दुजोरा देतात. त्यांना हा खेळ ठाऊक नाही. आपण कॉलेजात होतो एवढेच त्यांना आठवते.

तिसऱ्या क्वार्टरनंतर उठून नाटकाला जावे, अशी तडजोड सुचवण्यात आली आहे. ती मला नामंजूर आहे. शेवटचा भोंगा होण्यापूर्वी आसन सोडणे हा या शहरातील सामाजिक गुन्ह्यांपैकी एक. आणि दुसरे असे, की ज्या क्लबचे भवितव्य एका गुणावर ठरत आले आहे त्याच्या अनुयायाने शेवटचे मिनिट चुकवावे, हे कोणत्या शास्त्रात बसते?

शिवाय हा शनिवार चुकवण्याजोगा नाहीच. जीलाँगचे घरचे मैदान, कार्डिनिया पार्क, अरुंद आहे. डॉकलंड्सची रुंदी त्यांना मानवणार नाही, निदान मानवू नये. त्यांचे पाऊणशे किलोमीटर अंतर कापून येणे हा जरी फार मोठा प्रवास नसला तरी वाटेत वर्दळ बरीच असते. आमच्या यादीत आज दोन नवे तरुण आले आहेत, आणि त्यांनी अद्याप एकही सामना खेळलेला नसल्यामुळे त्यांच्याविषयी कोणी वाईट बोलू शकत नाही. आमचा अनुभवी बचावपटू ‘चाचणी’तून उत्तीर्ण झाला आहे. १८९९ च्या १६२ विरुद्ध १ या निकालाचा हिशेब कधीतरी चुकता व्हायलाच हवा, आणि एवढी जुनी बाकी वसूल करण्यास येत्या शनिवारइतका सोयीचा शनिवार मला कॅलेंडरात दिसत नाही. पूर्ण विचारांती माझा अंदाज असा: सेंट किल्डा, एका गुणाने, आणि तो गुण नेम चुकूनच मिळेल.

मंडळाच्या चिटणीसांना मात्र नम्र विनंती आहे, की पुढील वर्षापासून नाटक ऑक्टोबरात ठेवावे. फुटबॉलचा हंगाम सामान्यतः सप्टेंबरच्या अखेरच्या शनिवारी संपतो. २०१० साली बरोबरीमुळे अंतिम सामना २ ऑक्टोबरला पुन्हा खेळवावा लागला होता हे खरे. परंतु ती पद्धत २०१६ साली मोडीत काढण्यात आली असून आता बरोबरी झाल्यास त्याच दिवशी जादा वेळ खेळवून निकाल लावतात. ऑक्टोबरचे सर्व शनिवार मोकळे आहेत.